एक घास, एक ठोका

माझे पप्पा एका शनिवारी दुपारी वारले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला. वर साखर कमी पडली म्हणून तक्रारही केली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, रत्नागिरीची. आमचं घर गावाच्या कडेला, मागे थोडी भातशेती, आणि जरा वर चढून गेलं की आमचं चर्च. जांभ्या दगडाचं, कौलारू, एवढंसं! मंडळीही एवढीशीच. एकाला शिंक आली की बाकीचे सगळे औषध सांगायला हजर. अशा ठिकाणी कोणाचं काही लपून राहत नाही, आणि माझे पप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ शमूकाका यांचं भांडण तर लपवायचा कोणी प्रयत्नही केला नव्हता.

भांडण कशावरून, ते ऐकाल तर हसाल. दरवर्षी भातकापणी सुरू झाली की कार्तिकातल्या एका रविवारी आमच्याकडे सुगीची उपकारस्तुती असते. पावसाळा सरलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं निळं, अंगणात भात वाळत पडलेलं, आणि ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं असेल त्यातलं पहिलं देवाला. कोणी भोपळा आणतं, कोणी नारळ, कोणी केळीचा घड. आमच्या घरची भाताची पहिली पेंढी जायची, अगदी आजोबांच्या वेळेपासून. पप्पा पुढे, काका मागे, दोघांच्या हातात एकच पेंढी! मग शेताची वाटणी झाली, मधोमध बांध पडला, आणि पहिल्याच सुगीला प्रश्न उभा राहिला, की देवाला द्यायची पेंढी कोणाच्या तुकड्यातली?

"थोरला मी. पेंढी माझ्या शेतातली," पप्पा म्हणाले.

"दादा, तुझं भात अजून हिरवं आहे. देवाला काय कच्चं खायला घालतोस?" काका म्हणाले.

"माझं भात हिरवं? तुझ्यात नुसतं गवत आहे!"

झालं! देवाला देताना माणसं हात आखडता घेतात असं चर्चचे पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे. आमच्या घरात देवाला द्यायचं कोणी, यावरून तोंडं बंद झाली. तेव्हापासून चर्चच्या ओसरीत दोन पेंढ्या लागू लागल्या, दाराच्या उजवीकडे पप्पांची आणि डावीकडे काकांची. आत पप्पा पहिल्या बाकावर, काका शेवटच्या. तीन वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात पप्पांना काविळीने धरलं. डोळे हळदीसारखे पिवळे. पप्पा कचेरीत हेडक्लार्क, तिथले सगळे बघायला येऊन गेले, निम्मी मंडळी प्रार्थना करून गेली, शेजारच्या गोदाक्का तर दिवसातून तीनदा डोकावायच्या. दिवसाआड मागच्या दारी दोन शहाळी ठेवलेली असायची. ती गोदाक्काच ठेवतात असं आम्ही धरून चाललो. पप्पा अंथरुणातून हात जोडून त्यांचे आभार मानायचे, आणि गोदाक्का मान डोलवायच्या. शमूकाका मात्र एकदाही आले नाहीत. बांधापलीकडे त्यांचं घर, पण आले नाहीत.

पप्पा वाचले. आमच्यात नवस बोलत नाहीत, पण पप्पा अगदीच थकले होते तेव्हा आईने देवाशी काय बोलणं केलं होतं ते देवाला आणि आमच्या गोठ्यातल्या सुलतानाला ठाऊक. सुलतान म्हणजे आमचा बोकड. तो उपकारस्तुतीच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, द्यायचा ठरला. आणि त्या रविवारी पप्पांनी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, आपल्याला वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, असं पाळकसाहेबांनी परस्पर जाहीरही करून टाकलं.

शुक्रवारी जेवताना पप्पांनी बॉम्ब टाकला.

"मी साक्ष देणार नाही."

"का हो?" आईचा हात भातावरच थांबला.

"काय म्हणू उभा राहून? देवाने वाचवलं, सगळ्यांनी प्रेम दिलं, आणि मागच्या बाकावर सख्खा भाऊ बसलाय, जो मेलास की आहेस बघायला आला नाही? माझ्या तोंडून नाही निघायचे आभार. शमू येऊन शेजारी उभा राहिला तर देईन साक्ष. नाहीतर सुलतानाला कापा नाहीतर कुरवाळा, मी बसून राहणार."

"मग तुम्हीच बोलवा ना त्यांना."

"मी? आजारी मी पडायचं आणि बोलवायला जायचंही मी?"

आईचे डोळे भरून आले. मरणाच्या दारातून नवरा परत आला आणि देवाचे आभार मानायला तयार नाही, हे तिला सहन होत नव्हतं. मलाही फार वाईट वाटलं. मी मनाशी ठरवलं की बाकी काही नाही तर निदान रविवारची तयारी तरी अशी झकास करायची की पप्पांचं मन फिरलं पाहिजे!

आता माझ्याबद्दल. मी विजू. तेव्हा डी.एड. करून नुकतीच शाळेवर लागले होते, म्हणजे जगातलं सगळं मला येत होतं! कोणी काही काम काढलं की "मी करते ना!" हे वाक्य आधी तोंडातून बाहेर पडायचं, विचार मागून सावकाश चालत यायचा. एकच गोष्ट मला येत नव्हती, गाठ मारणं. मी बांधलेली कोंबडी सुटायची. मी बांधलेला बिस्तरा एस्टीच्या टपावर उघडायचा (पप्पांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा एकदा अख्ख्या हातखंब्याने पाहिला). "विजूची गाठ" म्हणजे आमच्या घरात न टिकणारी कुठलीही गोष्ट. पाहुणे निघतो निघतो म्हणत बसून राहिले की पप्पा म्हणायचे, "यांचं निघणं म्हणजे विजूची गाठ."

शनिवारी सकाळी मी सुलतानाला आणि पप्पांची पेंढी घेऊन चर्चमध्ये गेले. तिथे पावलूसमामा होते. हे आमचे घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे आणि सगळ्यांवर ओरडणारे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना केळीची झाडं उभी करायची होती. डावीकडचं त्यांनी बांधलं. उजवीकडचं? "मी बांधते ना!"

मामांनी माझ्या गाठीकडे बघून नाक मुरडलं. "ही उद्यापर्यंत टिकंल काय गो?"

"टिकेल हो मामा! तुम्ही मला अजून लहानच समजता."

मग आम्ही ओसरी सजवली. खांबांना आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, केळीची पानं, उजवीकडे पप्पांची पेंढी. इतकं गच्च हिरवं झालं की रस्त्यावरून ओसरीतलं माणूस दिसेना. दुपार झाली, मामा विहिरीवर आंघोळीला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "बोकडाला मागं पेरूला बांध. आणि नीट बांध!"

नीट बांध! मला रागच आला. माझ्या वर्गात मिरकरवाड्याची एक मुलगी होती, होडीवाल्यांच्या घरातली. तिने मला आदल्याच आठवड्यात होडी बांधायची गाठ शिकवली होती. जितका ताण येईल तितकी ती आवळते. ती मी सुलतानावर वापरायचं ठरवलं. पण मागे पेरूखाली ऊन होतं, आणि सुलतान ओसरीतून हलायला तयार नव्हता. तेवढ्यात उजव्या खांबाशी, आंब्याच्या टाळ्यांमागे, मला एक सुरेख जाड दोर लोंबताना दिसला. नवाकोरा काथ्याचा! मी सुलतानाच्या गळ्यातली दोरी त्याला होडीच्या गाठीने बांधली, दोनदा ओढून पाहिली, आणि स्वतःवरच खूश झाले. दोर खालून कुठे जातो हे मी बघितलं. वरून कुठून येतो हे बघायला मान वर करावी लागते, ती मी केली नाही.

मग मेणबत्त्या आणि रंगीत कागद आणायला मी बाजारात गेले. दुकानदार मला हिरवा कागद चांगला की पोपटी ते समजावत होता, आणि वरून आवाज आला.

ढण्ण.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ढण्ण.

आमच्या चर्चची घंटा रविवारी भराभर वाजते, लग्नात तर नाचतेच. पण एक ठोका, मग लांब थांबायचं, मग पुन्हा एक ठोका, ही मयताची घंटा. मंडळीतलं माणूस गेलं की ती वाजते. आणि मंडळीत आजारी माणूस एकच होतं.

"पप्पा!" मी ओरडले, आणि हातात हिरवा आणि पोपटी असे दोन्ही कागद धरून धावत सुटले.

वाटेत गोदाक्का भेटल्या. "अगो विजू, काय झाला? घंटा कोणाची?"

"पप्पा गेले हो अक्का!"

"अरे देवा! आता दुपारी तर दारावरनं गेले, मला हात केलान!" असं म्हणून त्याही माझ्या मागून धावू लागल्या.

घरी पप्पांची खाट रिकामी! चादर बाजूला, चष्मा उशाशी. आई मागल्या दारी भात उफणत होती, ती सूप घेऊनच बाहेर आली.

"कोण गेलं गो विजू?"

"पप्पा!"

"पप्पा? ते दाढी करायला गेलेत दत्तारामाकडे. उद्यासाठी. मीच पाठवलं." (आजारात पप्पांची दाढी बायबलातल्या मोशेला शोभेल इतकी वाढली होती.)

"मग घंटा कोणाची, आई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. वर घंटा वाजली, ढण्ण. आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "चालू नका म्हणाले होते डॉक्टर," ती पुटपुटली. "मीच पाठवलं गो... मीच पाठवलं."

आम्ही तिघी दत्तारामाच्या सलूनकडे धावलो. तिथे खुर्ची रिकामी. साबणाची वाटी फेसाने भरलेली, ब्रश जमिनीवर, आरशासमोरचा रेडिओ एकटाच बातम्या सांगतोय. ना पप्पा, ना दत्ताराम!

शेजारच्या चहावाल्याने आमची तोंडं पाहिली आणि घाईघाईने सांगून टाकलं, "वहिनी, भाऊ वरच्या अंगाला पळत गेले. आणि दत्ताराम वस्तरा घेऊन त्यांच्या मागं!"

"वस्तरा घेऊन?" आईचा आवाज फुटला.

"उघडा वस्तरा!" चहावाल्याने उत्साहाने भर घातली. "मी म्हटलं, काय झालं रे? तर थांबलाच नाय!"

आता माझ्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं ते सांगत नाही. दत्तारामासारखा गरीब माणूस, पप्पांची दाढी वर्षानुवर्षं करणारा! गोदाक्का धावता धावता म्हणाल्या, "मला तो पहिल्यापासून बरा वाटत नव्हता." (त्यांच्या तिन्ही नातवांचे केस दत्तारामच कापायचा.)

चर्चच्या फाटकाशी गर्दी जमली होती. आमच्याकडे रीत अशी, की मयताची घंटा वाजली की सगळे फाटकाशी येऊन थांबतात. पाळकसाहेब नाव सांगेपर्यंत आत कोणी जात नाही. पाळकसाहेबांना नाव पावलूसमामा सांगतात. पाळकसाहेब पायजम्यावर झगा चढवून, हातात अंत्यविधीचं पुस्तक घेऊन मामांची वाट बघत होते. आणि मामा? मामा विहिरीवरून ओल्या पंचानिशी पळत आले आणि पाळकसाहेबांना विचारू लागले, "कोण गेलं साहेब?"

"ते तू मला सांगायचंस!"

"मी कसा सांगू? मी तर इथं!" मामांनी वर घंटेकडे बोट दाखवलं. "मग वाजवतोय कोण?"

ढण्ण, असं उत्तर आलं. मामांचा चेहरा पांढरा पडला. (त्यांनी मला नंतर सांगितलं, की त्यांना क्षणभर वाटलं, आपणच गेलो, आणि आपली घंटा पुढचा माणूस वाजवतोय. वर, "बरा वाजवत होता हो!" अशी पावतीही दिली.)

शवपेटी करणारे मेस्त्री खिशात टेप घालून आलेच होते. आणि तेवढ्यात आम्हा मायलेकींना रडत येताना लोकांनी पाहिलं. मग नाव सांगायची कोणाला गरजच उरली नाही. "दाविदभाऊ गेले," असा गर्दीत एकच श्वास फिरला. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी आईला धरलं. कोणीतरी खालच्या आवाजात मयताचं गीत सुरू केलं, आणि ते इतक्या उंच पट्टीत सुरू झालं की दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी सोडून दिलं.

तेवढ्यात खालच्या बाजूने, शेताच्या वाटेने, शमूकाका आले. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात विळा, आणि काखेत उद्यासाठी नुकतीच कापलेली त्यांची पेंढी, जी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी आईला पाहिलं. मला पाहिलं. आणि हा माणूस, ज्याने तीन वर्षं आमच्या अंगणाकडे मान वळवली नव्हती, फाटकाच्या पायरीवर धपकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"दादा! तुझीच रे पेंढी! सगळी पेंढी तुझीच! माझ्यात गवतच होतं रे दादा!"

"उगी हो काका," मी म्हटलं आणि स्वतःच हुंदके देऊ लागले.

"मी दिवसाआड येत होतो गो! मागल्या दारापर्यंत यायचो, शहाळी ठेवायचो आणि लाज वाटून परत जायचो. वहिनीला विचार! तिने मला पाहिलंय! आत जाऊन हात धरला असता तर काय बिघडलं असतं माझं?"

मी आईकडे पाहिलं. आईने रडता रडता मान हलवली. म्हणजे तिला ठाऊक होतं! मग मी गोदाक्कांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतंस?" त्या कुजबुजल्या. "मी ठेवली असं मी कधी म्हटला? आभार मानणाऱ्या माणसाला नको कसा म्हणू?"

आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने, बाजाराच्या रस्त्याने, पप्पा आले!

त्यांचं असं झालं होतं, की सलूनच्या खुर्चीत त्यांनी घंटा ऐकली. आजारी माणूस मंडळीत एकच, आणि ते स्वतः, ते तर खुर्चीत जिवंत! मग दुसरं कोण? त्यांना एकच नाव सुचलं. शमूला ब्लडप्रेशर आहे, आणि या उन्हात तो कापणीला उतरलाय. ते अर्धी दाढी झालेल्या तोंडाने, गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट उठले आणि पळाले. दत्ताराम मागून ओरडत धावला, "भाऊ, अर्धी ऱ्हायली! भाऊ, कापड!" पण पप्पा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. नेहमीचा चढ झेपेना म्हणून लांबच्या वाटेने वळले, तीनदा धाप लागून बसले, म्हणून आमच्या मागून पोचले. त्यांना दिसली फाटकावरची गर्दी, काढलेल्या टोप्या, आणि कोणीतरी ओरडत होतं "दादा, दादा!" हे काकांसाठी रडणारे त्यांचे शेजारी असणार, असं त्यांनी ठरवलं. (चष्मा घरी, उशाशी!) तिथेच फाटकाच्या खांबाला डोकं टेकून पप्पाही रडू लागले.

"शमू... मीच यायला हवं होतं रे. थोरला मी. माझंच चुकलं. हिरवंच होतं रे माझं भात!"

आता कल्पना करा. फाटकाच्या एका खांबाशी काका दादासाठी रडतायत. दुसऱ्या खांबाशी दादा काकांसाठी रडतायत. मध्ये सगळी मंडळी दोघांकडे आळीपाळीने बघतेय! मेस्त्रींनी हळूच टेप खिशात परत घातली.

मध्ये पडला तो दत्ताराम. तो धापा टाकत आला, पप्पांची हनुवटी धरली आणि म्हणाला, "भाऊ, हलू नका. फेस वाळला तर कातडी सोलवटंल."

"भाऊ" ऐकून काकांनी मान वर केली. समोर पप्पा. अंगभर पांढरं कापड, अर्धा चेहरा पांढरा, मागे कलतं ऊन! काकांच्या हातातून विळा पडला, पेंढी पडली, आणि ते दोन्ही हात जोडून गुडघ्यांवर आले.

"दादा! इतक्या लवकर उठलास?"

"शमू? तू बसलायस?"

"तू गेलास ना?"

"मी? तू गेलास ना!"

मग दोघांनी एकमेकांना हात लावून पाहिला, खरं आहे का म्हणून. आणि मग जी मिठी मारली! काकांच्या अर्ध्या तोंडाला साबण लागला, पप्पांच्या कापडाला चिखल. आई हसत होती की रडत होती मला कळेना, मी स्वतः दोन्ही करत होते. पाळकसाहेबांनी अंत्यविधीचं पुस्तक मिटलं आणि मोठ्याने म्हणाले, "हालेलूया!" सगळी मंडळी ओरडली, "हालेलूया!"

ढण्ण, घंटा म्हणाली.

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. दोघेही भाऊ जिवंत. मग ही घंटा कोणासाठी?

पाळकसाहेब पुढे, मामा त्यांच्या झग्याला धरून मागे, असे सगळे ओसरीत शिरलो. टाळे बाजूला केले. आणि तिथे सुलतान! मान ताणून तो पप्पांच्या पेंढीपर्यंत पोचायचा, तेव्हा दोर खेचला जायचा, ढण्ण. एक लोंबी तोडून तो मागे यायचा. मग डोळे मिटून, अगदी शांतपणे, सगळा विचार करून चावायचा. गिळून झालं की पुन्हा मान ताणायची. एक घास, एक ठोका! पावलूसमामांनी आयुष्यभरात इतकी गंभीर घंटा वाजवली नसेल. पप्पांच्या पेंढीची नुसती काडी उरली होती.

"सोडा त्याला!" पाळकसाहेब म्हणाले.

मामांनी गाठीला हात घातला. सुटेना. मेस्त्रींनी पाहिलं, सुटेना. दत्तारामाने वस्तरा लावायची तयारी दाखवली, पण वस्तऱ्याची धार जाईल म्हणून मागे सरला. जो तो ओढून बघत होता आणि प्रत्येक ओढीला वर घंटा वाजत होती, आणि प्रत्येक घंटेला खालच्या आळीतून आणखी दोन माणसं रडत येत होती. शेवटी शमूकाकांनी विळ्याने दोर कापला.

"ही गाठ मारली कोणी?" मामा गरजले.

मी हातातले रंगीत कागद तोंडासमोर धरले. हिरवा आणि पोपटी.

त्या संध्याकाळी पप्पा आणि काका चर्चच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले. दत्तारामाने तिथेच उरलेली दाढी केली, आईने सगळ्यांना चहा केला, पप्पांनी दोन कप घेतले आणि साखर कमी म्हणाले. काका म्हणाले, "कमीच आहे." तीन वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, म्हणून आई रागावलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजलीच नाही, कारण दोर आता मामांच्या हाताला पोचत नव्हता. पण गर्दी अशी, की बाहेर सतरंज्या घालाव्या लागल्या. पेंढी एकच उरली होती, काकांची. पप्पा पुढे, काका मागे, दोघांच्या हातात ती एकच पेंढी. ("दादा, जरा हळू चाल." "तू ढकलू नकोस मागून.") खिडकीतून ऊन येत होतं, नव्या भाताचा वास चर्चभर पसरला होता. दरवर्षी म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं उपकारस्तुतीचं गीत त्या दिवशी मला गाताच येईना, कारण पहिल्यांदाच मला खरोखर कोणाचे तरी आभार मानायचे होते.

मग पप्पा साक्ष द्यायला उभे राहिले, आणि शमूकाका उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. पप्पांनी डॉक्टरांचे आभार मानले. आईचे मानले. काकांच्या शहाळ्यांचे मानले. गोदाक्का खास पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांचेही मानले (त्यांनी मान डोलवली). दत्तारामाचे मानले. सुलतानाचे तर इतके मानले की प्रीतिभोजनाला त्याला कापायचं कोणाच्या तोंडून निघेना; त्या दिवशी मंडळी डाळ-भात आणि भोपळ्याची भाजी जेवली, आणि सुलतान पुढे आमच्या गोठ्यातच म्हातारा झाला. एवढं बोलून पप्पा बसू लागले.

मी नम्र चेहरा करून केव्हाची तयार होते. आईने पप्पांना मागून टोचलं. "विजूचं राहिलं."

पप्पा पुन्हा उभे राहिले. घसा साफ केला. माझ्याकडे पाहिलं, मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हे प्रभू," ते म्हणाले, "माझ्या मुलीने आयुष्यात एक तरी गाठ अशी मारली की ती कोणाच्याने सुटली नाही, त्याबद्दल मी तुझे विशेष आभार मानतो."

"आमेन!" सगळी मंडळी गरजली. माझे डोळे भरून आले. मी अभिमानाने मान वर केली, म्हणून मला सगळ्यांच्या आधी दिसलं, की व्यासपीठाच्या उजवीकडचं केळीचं झाड हळूहळू, अजिबात घाई न करता, पाळकसाहेबांच्या डोक्यावर येत होतं.